योस्टकडे राहिलेला वाडगा

भांडं रिकामं परत करायचं नसतं, हे योस्टला मीच शिकवलं. जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

नऊ वर्षांपूर्वी तो समुद्रकाठच्या मार्सा गावातल्या आमच्या गल्लीत, माझ्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात राहायला आला, तो म्हणे तीन महिन्यांसाठी. बायको वारलेली, मूलबाळ नाही. नोकरी हॉलंडातल्या लिफ्ट बनवणाऱ्या एका कंपनीत, पण तिथं जायचंच नाही. इथं घरी कॉम्प्युटरपुढे बसून लिफ्टबरोबर देतात ती माहितीपुस्तकं तपासायची. एकदा मला विचारतो, मावशी, लिफ्टमध्ये अडकलात तर काय कराल? हा साठीला टेकलेला बाप्या, मी याच्याहून जेमतेम पाच वर्षांनी मोठी, आणि मावशी म्हणे! मी म्हटलं, माझं घर बैठं, मी कशाला मरायला लिफ्टमध्ये अडकतेय. तर त्यानं आपल्या बोबड्या अरबीत पुस्तकातलं वाक्य ऐकवलं: "घाबरू नका. ठोकत राहा. कोणीतरी येईल." मी हसून हसून बेजार झाले.

आला त्या पहिल्या रविवारी शेजारधर्म म्हणून मी माझ्या निळ्या एनॅमलच्या वाडग्यातून त्याला आमच्याकडचा कुसकुस दिला, वाफवलेला रवा आणि वर रस्सा. दुसऱ्या दिवशी वाडगा परत आला, घासूनपुसून लख्ख आणि रिकामा. मी काही गप्प बसणारी बाई नव्हे. दारातच सुनावलं की आमच्यात असं करत नाहीत, चिमूटभर मीठ का होईना, काहीतरी घालून देतात. बिचाऱ्याचे कान लाल झाले. तेव्हापासून दर सोमवारी अंधार पडायच्या आत वाडगा हजर, आणि भरलेला. बहुतेक वेळा त्याच्या अंगणातली लिंबं. कधी त्यानं स्वतः भाजलेला दगडासारखा पाव, तो मी कोंबड्यांना घालायची. आपल्या घराची एक किल्लीही त्यानं मला देऊन ठेवली होती. मला काही झालं तर, म्हणाला. मी म्हटलं, तुला काय धाड भरलीय?

गेल्या नोव्हेंबरात एका रविवारी माझ्या दारात वाडगा घेताना तो चाचरत म्हणाला की डॉक्टरनं मीठ कमी करायला सांगितलंय. झालं, माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चाळीस वर्षांत माझ्या कुसकुसला कोणी नावं ठेवली नव्हती. मी त्याच्या तोंडावर दार लावून घेतलं. आणि दुसऱ्या दिवशी, सोमवारी, वाडगा आला नाही.

त्या दुपारपासून भिंतीपलीकडून टकटक ऐकू येत होती. थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. मंगळवारीही तेच. समोरची मुंजिया माझ्याकडे कॉफीला आली होती, तिला मी म्हटलं, बघ, स्वारी घरातच आहे. खिळे ठोकायला वेळ आहे, माझा वाडगा द्यायला नाही. ती म्हणाली, अगं, जाऊन माग ना. मी म्हटलं, स्वतःचंच भांडं मागायला भिकारणीसारखी दारात उभी राहू?

मंगळवारी संध्याकाळी माझं डोकंच उठलं. मी खलबत्त्यातला बत्ता घेतला आणि माझ्या बाजूनं भिंतीवर दोनदा दणादणा आपटला, गप बस म्हणून. पलीकडे एकदम शांत झालं. मग टकटक पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा जोरात आणि घाईघाईनं. आगाऊपणा बघा मेल्याचा, असं म्हणून मी रेडिओ मोठा केला.

बुधवारी आवाज बंद झाला आणि मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं.

बुधवारी रात्री पाऊस पडला. गुरुवारी सकाळी मुंजिया गच्चीवरून आली ती गोंधळलेली. योस्टचे कपडे सोमवारपासून दोरीवरच आहेत, म्हणाली, सगळे भिजलेत. रुमालसुद्धा इस्त्री करणारा माणूस तो. खिळ्यावरची किल्ली काढून आम्ही दोघी गेलो.

तो अंगणात होता, लिंबाच्या झाडाखाली, माझ्या भिंतीला लागून. स्टूल कलंडलेलं, लिंबं चिखलात पडलेली. तोंड एका बाजूला वाकडं झालं होतं, उजवं अंग गेलं होतं, शब्द फुटत नव्हता. डाव्या हातात माझा वाडगा. तीन रात्री तो उघड्यावर पडला होता, तरी जिवंत होता, आणि त्यानं मला ओळखलं.

शनिवारी हॉस्पिटलात त्यानं प्राण सोडला. डॉक्टर म्हणाला, सोमवारीच आणला असता तर वाचला असता.

त्याची बहीण आन्नेके आली, त्याला इथंच पुरलं. त्याच्या फोनमध्ये कंपनीची तीन पत्रं होती. पहिल्या दोन पत्रांत विचारलं होतं की काम कुठवर आलं, तिसऱ्यात कळवलं होतं की तुमचं काम दुसऱ्याला दिलंय, काळजी नसावी. वाचताना ती रडली. मी तिला पाणी दिलं.

निघायच्या दिवशी ती वाडगा घेऊन माझ्या दारात आली. लिंबांनी भरलेला होता. योस्टनं तिला कधीतरी लिहिलं होतं म्हणे, इथं रिकामा देत नाहीत. वाडग्याचा काठ सगळा टवके उडून काळा पडला होता. मी तो दोन्ही हातांनी घेतला.

"भिंतीवर खुणा आहेत," ती, आमच्याकडे समजतं म्हणून, मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये म्हणाली. "ठोकत असणार तो. तुम्हाला काही ऐकू आलं होतं?"

मुंजिया माझ्या शेजारीच उभी होती. तिनं मान खाली घातली.

"नाही," मी म्हटलं. "हल्ली मला कमी ऐकू येतं."

आन्नेकेनं माझा हात हातात घेतला. "मला वाटलंच," ती म्हणाली. "ऐकू आलं असतं तर तुम्ही धावत गेला असता."