सहा नंबरचा शेवटचा हात

टेबलावर जागा दिसेना म्हणून जावयानं जेवणाचा डबा कीबोर्डवर टेकवला, आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर एक माणूस पोहायला लागला.

माणूस म्हणजे नुसते ठिपके. खांदा, कोपर, कंबर, गुडघा, घोटा अशा जागी पांढरे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. नाक नाही, डोळे नाहीत. जावयानं डबा उचलला तरी तो थांबेना. मग त्यानं हाताला येईल ते बटण दाबलं. तसा तो माणूस फक्त सावकाश पोहू लागला.

जावई चष्म्याच्या दुकानात बसणारा, सरळ माणूस. सासूबाईंना सोबत घेऊन तो बायकोच्या थोरल्या बहिणीला तिच्या तलावाकाठच्या प्रयोगशाळेत डबा द्यायला आला होता. तिला घरात सगळे डॉक्टरीण म्हणत. वर्षं लोटली, डॉक्टरेट काही हाती आली नव्हती. अव्वल पोहणाऱ्यांचं शरीर पाण्यात कसं चालतं, हा तिचा विषय. तलावाच्या काचेतून चित्रण करायचं आणि एकेका चित्रावर सांध्यांचे ठिपके हातानं बसवायचे. “पोहण्यात कसली डॉक्टरकी? बुडणाऱ्याच्या नाकात थेंब घालायचे का?” असं जावयानं लग्न ठरताना विचारलं होतं. तेव्हापासून ती त्याला जरा जपूनच वागवी.

बाकी सगळं काम उरकलं होतं. अडलं होतं ते सहा नंबरच्या पोहणाऱ्यापाशी. तिचे मार्गदर्शक सर विचारून थकले. “ठिपके नीट बसत नाहीत,” एवढंच ती सांगे.

तलावाकडून डॉक्टरीण ओल्या चपलांनी आत आली ती दारातच थबकली. सासूबाई खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेल्या होत्या.

“डावा खांदा टाकतोय बघ कसा. आपला आहे हा.”

“आई, तो सहा नंबर आहे. इथं कुणाला नाव नसतं.”

“तुझ्या इथं नसेल. मी ठेवलंय की.”

जावयानं उगीचच चष्मा पुसायला घेतला.

आपला म्हणजे सासूबाईंचा मधला मुलगा. पाण्यानं त्याला कधी काही केलं नाही. सकाळी सरावाला जाताना रस्त्यानं नेला, अपघातात. त्यानंतरही न्हाणीघरातून तलावाच्या पाण्याचा वास येतो, असं सासूबाई म्हणत. मग सगळे हुंगल्यासारखं करून मान हलवत. एकदा जावयाला तो वास खरंच आला होता. त्यानं कुणाला सांगितलं नाही.

जेवताना भावाबहिणीचं रोज वाजायचं. “भिंत जवळ आली की शेवटचा हात खातोस तू. नुसता तरंगत येतोस,” ती म्हणायची. “तू आधी डॉक्टर हो, मग शिकव,” तो म्हणायचा.

पडद्यावर ठिपके भिंतीजवळ आले. आता टेकणार, तोच विझले आणि पुन्हा सुरुवातीला उगवले. पुन्हा आले, पुन्हा विझले. काचेपलीकडे रिकामा तलाव कुणी नुकतंच बाहेर पडल्यासारखा हलत होता.

“भिंतीला हात का लावत नाही तो?” सासूबाईंनी विचारलं.

“पुढचे ठिपके मी टाकलेच नाहीत.”

“का गं?”

“हात लागला की संपलंच ना, आई. पुढचं चित्रण मी बघितलेलंच नाही.”

सासूबाईंनी पडद्यावरच्या ठिपक्यांवर हात टेकवला. “इतके दिवस पोराला असं फिरवत ठेवलंस? दमला असेल. येऊ दे त्याला बाहेर.”

डॉक्टरिणीनं खुर्ची ओढली. खरं चित्रण पुढे सरकवलं. फेस, फेसात मनगट, मनगटावर ठिपका. सासूबाई डबा मांडीवर घेऊन तिच्या पाठीशी बसल्या. जावई कधी पडद्याकडे, कधी फरशीकडे बघत राहिला. मधेच तिनं डोळे पुसले आणि चुकलेला ठिपका पुन्हा बसवला.

मग तिनं सगळं पहिल्यापासून चालवलं. ठिपके आले, भिंतीला टेकले आणि तिथंच थांबले. सुरुवातीची जागा काळीच राहिली.

सासूबाईंनी डब्याचं झाकण काढलं. “जेव आता.”

ती जेवू लागली. जावयाला गप्प बसणं जमत नसे.

“ताई,” त्यानं हळूच विचारलं, “नीट आला ना तो?”

घास गिळून ती म्हणाली, “शेवटचा हात मारलाच नाही गाढवानं.”