बेबाबाई मान डोलवते

पारोळ्याच्या बाजारात भरताची वांगी विकणारी बेबाबाई माझी शेजारीण. तिची हाक बाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायची. तिची लेक भाविका पुण्याला विद्यापीठातल्या प्रवेशाची मुलाखत देणार होती. धुळ्याच्या क्लासातल्या सरांनी तिला बजावलं, "घरात अहिराणी बोलत राहिलीस, तर तिथेही तीच तोंडात येईल." मेल्याची जीभ झडो! पोरीनं घरी येऊन आईला सांगितलं, "मुलाखत होईपर्यंत माझ्याशी बोलू नकोस."

बेबाबाईनं ते पाळलं. रोज संध्याकाळी ती पालथ्या क्रेटवर साहेब होऊन बसायची. भाविका समोर उभी राहून ठाशीव, शुद्ध उत्तरं द्यायची. निम्मं कळत नसलं तरी बेबाबाई तोंडातून शब्द न काढता मान डोलवायची.

भाविकाला प्रवेश मिळाला आणि ती पुण्याला गेली. इकडे पोरीसाठी मुकी झालेली आई फोनवरही मुकीच राहिली.

काल माझ्यासमोर भाविकाचा फोन आला. स्पीकर मीच चालू केला. पोरगी रडत होती, "माय, काहीतरी बोल ना व. तुना आवाज ऐकाना शे माले."

बेबाबाई फोनकडे बघत मान डोलवत राहिली.

मी ओरडले, "अगं, तिला मान दिसते का तुझी? बोल!"

तिनं फोनवर तळहात दाबला आणि घाबरून कुजबुजली, "नको अक्का. देख, परत तशीच बोलाले लागनी. मन्हं ऐकीसन बठ्ठं शिकेल बिघडी जाई."