ऐकून न घेतलेले अपील आणि विमलताई

ॲड. विमलताई ओव्हाळ यांना मी पहिल्यांदा पाहिले ते जिल्हा कोर्टाच्या व्हरांड्यात. मी बारावीत होते. माझे वडील भिंतीला टेकून खाली बसले होते. त्यांच्या खिशात कोर्ट फीचे पैसे होते आणि आता ते घ्यायला कोणी तयार नव्हते.

वडील लातूरकडचे, चाकणच्या एका कारखान्यात वेल्डर. कुरुळीत जागा घेऊन त्यांनी दोन खोल्या बांधल्या होत्या. जागा विकणाऱ्याच्या चुलतभावांनी दावा लावला आणि खालच्या कोर्टाने आम्हाला ताबा सोडायला सांगितले. वडिलांनी अपील केले, पण त्याच सुमारास आईचे पोटाचे ऑपरेशन निघाले आणि फी अपुरी पडली. आमच्या तेव्हाच्या वकिलांनी मुदत तोंडीच मागितली. पुढच्या तारखेला वडील दवाखान्यात अडकले, वकीलही फिरकले नाहीत. फी घेऊन आम्ही पोहोचलो, तोवर अपील नामंजूर झाले होते.

"काय झालं, दादा?" जाता-जाता ताईंनी थांबून विचारले.

"फीला उशीर झाला म्हणायलेत, ताई. घर कुणाचं हाय, ते तर कुणी इचारलंच न्हाई."

ताईंनी उभ्याउभ्याच कागद वाचले. "उच्च न्यायालयात जाता येईल," त्या म्हणाल्या. "पण तोवर घर राहील, असं मी सांगणार नाही."

तोवर सगळ्यांनी आम्हाला नुसता धीर दिला होता. खरे सांगणाऱ्या ताईच पहिल्या.

झालेही तसेच. ताईंनी स्थगितीचा अर्ज केला, पण तो सुनावणीला येण्याआधीच ताबा घ्यायला कोर्टाचे बेलिफ दारात आले. ताई दापोडीहून धावत आल्या. हुकूम त्यांनाही थांबवता येत नव्हता. "ऑपरेशन झालेल्या बाई आहेत," एवढेच त्या बेलिफना म्हणाल्या. "त्यांना आधी सावलीत बसू द्या, मग सामानाला हात लावा." वडिलांनी छताचा पंखा स्वतः उतरवला. शेजारी बघत उभे होते. दाराला दुसऱ्याचे कुलूप लागले, तेव्हा आईने पदर तोंडात धरला.

त्या संध्याकाळी ताई आम्हाला दापोडीला आपल्या घरी घेऊन गेल्या. ताई स्वतः कामगाराची मुलगी; घर रेल्वेलगतच्या गल्लीत, जेमतेम दोन खोल्यांचे. आईला त्यांनी आपली कॉट दिली आणि स्वतः स्वयंपाकघरात अंथरूण घातले. भाड्याची खोली मिळेपर्यंत आम्ही तिथेच राहिलो. त्या दिवसांबद्दल ताईंनी पुढे कुठेही चकार शब्द काढला नाही, म्हणून आज मी लिहिते आहे.

उच्च न्यायालयाने ताईंचे म्हणणे मान्य केले. फी भरायची संधी न देताच अपील काढून टाकले, हे चूक ठरले आणि अपील जिल्हा कोर्टात पुन्हा सुनावणीला आले. ताई सबंध दुपार बोलल्या. न्यायाधीशांनी वडिलांची खरेदी पहिल्यापासून तपासली आणि आम्ही हरलो. विकणाऱ्याला ती सगळी जागा विकायचा हक्कच नव्हता.

परतताना बसमध्ये वडील म्हणाले, "हरलाव आपण. पर समदं ऐकून घेतलं त्यांनी. आता कुणाकडं जायचं राहिलं न्हाई." ताई खिडकीबाहेर बघत होत्या. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

पुढे वकील होऊन मी त्यांच्याच हाताखाली उभी राहिले. ताई कडक. फी कमी असेल तर मुदतीचा लेखी अर्ज त्याच दिवशी गेलाच पाहिजे, आणि उशीर झाला तर काय होईल, हे पक्षकाराला त्याच्या भाषेत सांगितलेच पाहिजे. एकदा मी अर्ज दुसऱ्या दिवसावर ढकलला. "तुझ्या घराचं झालं ते विसरलीस?" त्यांनी विचारले. त्यानंतर मी कधी ढकलला नाही.

आज ताई पंच्याहत्तर वर्षांच्या होत आहेत. गुडघे दुखतात, तरी कोर्टाचा जिना त्या कठड्याला धरून चढतातच. ताईंना निरामय, दीर्घ आयुष्य लाभावे, एवढेच आम्हा शिष्यांचे मागणे. वडील अजून कुरुळीतच भाड्याने राहतात. ताईंच्या या गौरव अंकात तुमच्याकडून काय लिहू, असे मी त्यांना विचारले.

"ताईला म्हणावं, गुडघं सांभाळा," ते म्हणाले. "अजून लई माणसं यायलेत."