तीच पिन परत आत

माझे दोन खांदे आहेत. डावा कामाचा, उजवा शर्ट अडकवायचा. उजव्याची वाट लागली ती एका बोटभर पिनेपायी.

वर्सोव्यातल्या मावशीची मासळीची गाडी होती. मावशी सख्खी नव्हे. पण आपल्याला भूक लागल्याचं जी बाई आपल्याआधी ओळखते, ती आमच्याकडे मावशीच. तिची जुनी डिझेल पिकअप पहाटे मासळी घेऊन मुलुंडच्या बाजारात जायची. खारी हवा पिऊन गाडी इतकी मुरली होती की पत्रा तळला असता तर सुकट म्हणून खपला असता.

तिच्या इंजिनातली टायमिंग चेन खडखडायला लागली, तेव्हा मावशीनं मला, तिच्या नेहमीच्या मिस्त्रीला, बोलावलं. चेन ज्या प्लास्टिकच्या पट्टीला घासत सरळ धावते, ती गाइडची पट्टी तुटली होती. पट्टी बदलणं पोरखेळ. पण तिला धरून ठेवणाऱ्या दोन पिना इंजिनाच्या हेडमध्ये ठोकलेल्या असतात. खालची निमूट निघाली. वरची जी बसली होती, ती बहुधा मुंबई सात बेटं होती तेव्हापासून.

मावशीच्या जावयानं निकाल आधीच लावला होता. दिवेलागणीपर्यंत गाडी चालू झाली नाही तर भंगारात. नुसतं बोलून थांबला नाही; सकाळीच एका भंगारवाल्याला हातगाडीसकट दारात आणून बसवला आणि क्रेनवाल्याचा नंबरही काढून ठेवला. गाडी गेली की मावशीचा धंदा गेला, कारण मासळीची टोपली दिसली की रिक्षावाले बहिरे होतात.

या पिनेच्या पोटात आटे असतात. त्यात लांब बोल्ट फिरवायचा, त्यावर नळीसारखा सॉकेट, मग वॉशर, मग नट. नट आवळत गेलं की पिन सॉकेटच्या पोटात ओढली जाते. आमच्या उस्तादानं शिकवलं तेव्हा लोण्यातून केस काढावा तशी निघाली होती. इथे एका सॉकेटचं तोंड अरुंद, पिन आत शिरेना. दुसऱ्याचं तोंड बरोबर, पण भिंत पातळ; तो आवळता आवळता असा फुटला की आवाज माहुलपर्यंत गेला असणार. पिनेला रॉकेल पाजलं, बत्तीनं शेकलं, शेवटी आईबहिणीवर आलो. मावशी रिकाम्या टोपल्या एकावर एक रचत होती. मला तर मधूनच वाटायला लागलं, होऊ दे बाबा भंगार, घरी जाऊन आडवा होतो.

भंगारवाला उपड्या खोक्यावर बसून हे सगळं बघत होता. दुपारपर्यंत त्यानं मावशीचे तळलेले बोंबील दोनदा मागून खाल्ले होते. ऊन उतरायला लागलं तेव्हा तो उठला, हातगाडीत हात घातला आणि बोटीच्या मोडक्या पुलीतला एक लोखंडी बुश, म्हणजे जाड भिंतीची आखूड नळी, माझ्या हातात ठेवला.

"मिस्त्री, बघवत नाही आता. बसतो का बघ."

मी म्हटलं, "तू नक्की कुणाच्या बाजूनं?"

"बोंबलाच्या."

बुश बसला. नट आवळला. पाना काही हलेना, तेव्हा उजवा खांदा हलला. आत काहीतरी कट्कन बोललं. मग पिनेनं कुरकुर केली आणि केसभर सरकली. तिथून पुढे ती आली, पण सासरी निघालेल्या मुलीसारखी, थांबत थांबत.

नाचलं कुणी नाही. तेवढा जीव कुणात उरला नव्हता. मावशीनं पदरानं तोंड पुसलं आणि जावयाला फोन लावला. "क्रेन नको सांगू," एवढंच बोलून ठेवला.

भंगारवाल्यानं पिन तळहातावर घेऊन वजन बघितलं. "ही तरी दे रे. दिवसभर बसलो, रिकामा कसा जाऊ?"

"नाही देता येत. नवी पट्टी लावली की हीच परत आत जाते."

त्यानं पिन उलटीसुलटी करून पाहिली. "हीच?"

"हीच."

"मग काढली कशाला?"

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत माझ्या तोंडाला लागायला लोक घाबरतात. पण तेव्हा मी एवढा थकलो होतो की नुसती नवी पट्टी उचलून जागेवर लावली. मावशीनं त्याच्यासाठी उरलेले बोंबील कागदात बांधले. मी पिन पुसली, तिला तेल लावलं आणि हातोडी डाव्या हातात घेतली. तीन टोल्यांत आत गेली रांडेची.