शिक्क्यावरची बाई

हॅम्बर्गच्या आमच्या ऑफिसात इमारतींच्या तुळया-खांबांची गणितं मी करायची आणि नकाशावर सही बॉसनं ठोकायची, अशी वाटणी होती. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं जर्मनीतही चालतं, फक्त इथे त्यासाठी गोल शिक्का लागतो. मला तो शिक्का हवा होता. माझ्या गणितांखाली माझं नाव, एवढंच.

म्हणून कामरकडे, म्हणजे इंजिनिअरांना मान्यता देणाऱ्या मंडळाकडे, अर्ज केला. पदवी खरी, अनुभव खरा, जर्मनही येत होतं. घोडं अडलं भलतीकडेच. पदवीवर माहेरचं आडनाव, माझं नाव आणि वडिलांचं नाव. पासपोर्टवर यातलं एकही नाही. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळांवर अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं, पुढे त्याचं नाव-आडनाव लागलं, आणि सासरच्यांनी हौसेनं गॅझेटात देऊन सगळं पक्कं केलं. मला कोणी विचारलं नाही. विचारायची पद्धतच नाही.

कामरमधल्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले. "आल्झो, म्हणजे शिकल्या या बाई. तुम्ही दुसऱ्या."

"दोन्ही मीच."

"आणि हे दोन पुरुष?"

"एक वडील, एक नवरा."

"यांच्यापैकी बांधकामाचं कोण शिकलंय?"

"कोणीच नाही."

बाईंचा प्रश्न बावळट होता, पण आमची रीत त्याहून बावळट. ती एका परक्या टेबलावर समजावून सांगताना माझा संताप संताप झाला. गॅझेटचं भाषांतर झालं, लग्नाच्या दाखल्याचं झालं, तांदळांचीही हकिकत सांगून झाली. त्या तांदळांचं पुढे काय करता, असं बाईंनी अगदी गंभीरपणे विचारलं. "खीर," मी म्हटलं. त्यांनी तेही टिपून घेतलं असावं.

नवरा मोटारींच्या कंपनीत. त्याला मान्यता-बिन्यता कोणी विचारत नाही, तरी दारावरच्या पाटीवर त्यानं नावाआधी 'इंजिनिअर' लावून ठेवलंय. तो मला जर्मन 'बरोब्बर'ची फोडणी घालून सांगे, "अगं, बिल्डिंग उभी राहिली की झालं, गेनाऊ! सही कुणाची का असेना."

अखेर मान्यता आली. सासूबाईंना फोनवर भरून आलं. "आपल्या घराण्याचं नाव जर्मनीत शिक्क्यावर लागलं हो!"

"हो ना आई, घराण्यानं फार अभ्यास केला," मी म्हटलं. त्यांना ते कौतुकच वाटलं.

शिक्का आला तेव्हा कागदावर उमटवून पाहिला. तिन्ही शब्द सासरचे. कॉलेजात हजेरी घेताना ज्या नावाला मी 'प्रेझेंट सर' म्हणायचे, त्यातलं एक अक्षरही नव्हतं. इतकी वर्षं बॉसचं नाव लागत होतं, आता यांचं. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला.

मग पहिला नकाशा पुढे आला. शिक्का मारला आणि त्याखाली पेन टेकवलं. सही केली ती जुनी, कॉलेजातली, माहेरच्या नावाची.

बॉसनं चष्मा वर करून पाहिलं. "शिक्क्यावरची बाई तुम्ही. मग ही खालची कोण?"

"जिनं गणित केलं ती," मी म्हटलं.