पडण्याचा आवाज शेवटी आला

बाळांनो, आजी फोन नेहमी उजव्याच कानाला का लावते, असं परवा तुम्ही विचारलंत आणि तुमच्या आईने विषय बदलला. आता तुम्ही मोठे झालात. क्रमाने लिहिते.

इथे अमेरिकेत, टेक्सासमधल्या शुगर लँड गावी, मी रविवारी एका हॉलमध्ये मराठी मुलांना समूहगान शिकवते. माझ्या वर्गात 'छान', 'ऑसम', 'बेसूर' हे शब्द चालत नाहीत. सूर चढला की उतरला, कुठल्या ओळीत, श्वास कुठे तुटला, ते सांगायचं. मुलं चिडवायची, "आजींसमोर शिंकू नका रे, पट्टी विचारतील!"

हे घडलं त्या रविवारी एका बारा वर्षांच्या मुलीने एकटीने कडवं म्हटलं. तिची मैत्रीण म्हणाली, "दुसऱ्या ओळीत श्वास संपला, म्हणून शेवटचा सूर उतरला." मुलीला ते पटलं. मागे बसलेले तिचे वडील मात्र उठले. "चारचौघांत लाज काढलीस!" केसांना धरून त्यांनी तिला हॉलच्या किचनमध्ये फरफटत नेलं. मी मागोमाग धावले, तोवर तिचा ओठ फाटला होता. दार माझ्यामागे आपोआप मिटलं. त्यांच्या हातात स्टीलचा थर्मास होता. मी मध्ये पडले आणि पुढचा घाव माझ्या डाव्या कानावर बसला.

बाहेरच्या मुलांनी फोन करून बोलावलेले पोलीस आले तेव्हा मी फरशीवर होते. तोंडातून शब्द फुटेना. वडील शांतपणे सांगत होते, "पोरगी धावताना ओट्यावर आपटली. काकू तिला धरायला गेल्या, त्याही पडल्या. मी आवाजसुद्धा चढवला नाही." मुलगी भीतीने गप्प. अशीच गप्प राहिली तर ती त्यांच्याच गाडीत बसून घरी जाणार होती.

मग ती मैत्रीण पुढे आली. बोलली इंग्रजीत, पण शिस्त माझीच. "काकांचा आवाज आधी खालच्या पट्टीत होता, मग चढत गेला. नंतर काहीतरी धातूचं, जड, आपटलं. हिची किंकाळी मध्येच तुटली. मग आजी 'थांबा' म्हणाल्या. पुन्हा तोच धातू. पडण्याचा आवाज सगळ्यात शेवटी आला."

"तू कल्पना तर करत नाहीस ना?" अधिकाऱ्याने विचारलं.

"मला काय वाटलं ते नाही सांगत. ऐकलं ते सांगतेय."

बाकीच्या मुलांनीही तोच क्रम सांगितला. सिंकमध्ये पोचा आलेला थर्मास सापडला. वडिलांना बेड्या पडल्या, मुलगी मावशीकडे गेली.

माझा डावा कान गेला. तिच्या ओठावर व्रण आहे. ती रविवारी येते, दुसऱ्या ओळीआधी पुरेसा श्वास घेते आणि शेवटचा सूर उतरत नाही. उजव्या कानाने मला तो नीट ऐकू येतो.