वेलीखालचं नाव

रेकॉर्ड कंपनीतली मुलगी भलतीच खुशीत होती. "काका, तुम्ही काढलेलं ते जुन्या रेकॉर्डचं कव्हर जसंच्या तसं पुन्हा छापतोय. तुमची त्यावरची ती वेल तर लोक मोबाईलच्या स्क्रीनवर लावतात!"

पेंटर चहाच्या कपात बघत राहिले.

चाळीस वर्षांपूर्वी कव्हरवरचं अक्षर न् अक्षर ते ब्रशने काढत. वर ठळक गायिकेचं नाव, खाली साथीदारांची. त्या कव्हरवर गायिकेचं नाव असं उतरलं होतं, की ते स्वतःच दोन पावलं मागे सरून बघत बसले. तसं वळण हाताला पुन्हा सापडलं नसतं. मग सगळ्यात खालच्या नावाला काळी कड देताना ब्रश सुटला आणि शाई नावावर पसरली. मागचा रंग निळ्यातून हळूहळू पिवळा होत जाणारा. ठिगळ लावलं तर डोळ्यांत खुपलं असतं. सगळं नव्याने काढायचं, तर वरचं नावही गेलं असतं. त्यांनी डागाला देठ काढला, देठाला पानं. नाव पानांखाली गेलं.

ते नाव व्हायोलिनवाल्याचं होतं. म्हणजे पेंटरांच्या ताईच्या नवऱ्याचं.

"कंपनीनेच वगळलं, भाऊजी," असं त्यांनी तेव्हा ठोकून दिलं. भाऊजी मानी. त्या कंपनीची पायरी ते पुन्हा चढले नाहीत. शाळेत मुलांना व्हायोलिन शिकवत राहिले. वेलीचं कुणी कौतुक केलं, की पेंटरांची कानशिलं तापायची.

"तिथे खाली एक नाव आहे," ते आता मुलीला म्हणाले. "वेल काढून टाका."

"अहो काका, वेल काढली तर कव्हर ओळखणार कोण? मागच्या बाजूला नाव घालते ना. सांगा."

त्यांनी सांगितलं. मुलीने लिहून घेतलं, तेही बरोबर. तरी चहा तसाच ठेवून ते उठले.

दुपारी ते ताईकडे गेले. भाऊजी खिडकीशी चष्मा पुसत बसले होते.

"तुमचं नाव कंपनीने गाळलं नव्हतं, भाऊजी. मी झाकलं." मग डागापासून सगळं सांगितलं. वरचं नाव मोडवत नव्हतं, हेसुद्धा.

ताईने हातातलं भांडं ओट्यावर आदळलं. "चाळीस वर्षं माझ्या घरी जेवतोयस तू! घास उतरला कसा रे?"



भाऊजींनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मी समजत होतो, माझं वाजवणं बिघडलं म्हणून नाव गाळलं. किती वेळा लावली असेल ती रेकॉर्ड. कुठे चुकलो, शोधत बसायचो."

"भाऊजी, तुमचं काही चुक—"

"गप्प बस जरा." ते उठले, कपाटातून रेकॉर्ड काढली आणि कव्हर पालथं टेबलावर ठेवलं. "आज नुसतं ऐकू दे मला."

सुई टेकली. ताईने एक खुर्ची भावाकडे सरकवली. पेंटर दाराशी उभेच राहिले. त्यांना बसवेना.